ड्रिफ्टिंगच्या पहिल्या गाडीचे सस्पेन्शन: आधी काय बदलावे आणि काय राहू द्यावे

ड्रिफ्टिंग, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळण घेणे, शिकणाऱ्याला गाडीकडून एकच गोष्ट हवी असते: आपण तेच केले की गाडीनेही तेच करावे. वेग तोच, हँडब्रेकचा झटका तोच, स्टिअरिंग तेवढेच, आणि तरीही गाडी एकदा अलगद घसरली व पुढच्या वेळी गरकन फिरली, तर चूक हाताची की गाडीची हे शिकणाऱ्याला कळत नाही. म्हणून सस्पेन्शनवर खर्च करताना आधी ढिलेपणा काढावा, मग स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलावेत, त्यानंतर चाकांचे कोन साधावेत. कोनांकडे दुर्लक्ष झाले, तर आधीचे दोन्ही खर्च निम्मे वाया जातात.

नवशिके सहसा घेतात त्या निसान एस१३, बीएमडब्ल्यू ई३६ किंवा ई४६ यांसारख्या रिअर व्हील ड्राइव्ह गाड्या आता जुन्या झाल्या आहेत आणि त्यांतील रबरी बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेली रबराची नळकांडी) बहुधा थकलेले असतात. गाडी जॅक स्टँडवर भक्कम उभी करून प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर संशय बॉल जॉइंटवर किंवा बेअरिंगवर घ्यावा. पुढची चाके डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले जाणवला, तर टाय रॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्या) तपासावेत. बुश मात्र हाताने कळत नाहीत. टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारी दांडी) रेटून पाहावा आणि रबराला भेगा गेल्या आहेत का ते पाहावे. ई३६ आणि ई४६ मध्ये मागच्या ट्रेलिंग आर्मचा बुश फाटला की अ‍ॅक्सिलरेटर दाबताना व सोडताना मागच्या चाकाची दिशा किंचित बदलते आणि गाडीचा मागचा भाग स्वतःच्या मनाने वळतो असे वाटू लागते. ई४६ मध्ये मागची सबफ्रेम (मागचे सस्पेन्शन पेलणारी चौकट) जिथे बॉडीला बोल्टने जोडलेली असते, तिथल्या पत्र्याला तडे जातात ही ओळखीची तक्रार आहे. ते तपासून, गरज असल्यास वेल्डिंगने मजबुती देऊनच पुढचे कडक भाग बसवावेत. नवे रबरी बुश बसवताना त्यांचे बोल्ट चाके लोंबकळत असताना पूर्ण घट्ट करू नयेत, तर गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच टॉर्क रेंचने शेवटचे आवळावेत. अन्यथा रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. ही चूक अनुभवी माणसेही करतात.

एवढे झाल्यावर कॉइलओव्हरचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या व उंची बदलता येणाऱ्या सेटचा, विचार करावा. ड्रिफ्टमध्ये एका बाजूची घसरण संपवून दुसऱ्या बाजूला जाताना गाडीचे वजन क्षणात पलीकडे जाते, आणि मरगळलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे हेलकावे आवरू शकत नाही. एस१३ सारख्या गाडीसाठी पुढे सुमारे ८ आणि मागे सुमारे ६ किलोग्रॅम प्रति मिलिमीटर ताठरतेच्या स्प्रिंग सर्रास वापरल्या जातात. मागची बाजू मुद्दाम मऊ ठेवतात, कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडीने मागे थोडे बसावे आणि टायरला पकड मिळावी. शक्यतो ज्यात उंची खालच्या ब्रॅकेटने बदलते आणि स्प्रिंगवरचा आधीचा दाब तसाच राहतो, असा सेट घ्यावा. मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली करण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. कॉइलओव्हरनेही गाडी २५ ते ४० मिलिमीटर खाली आणणे पुरेसे आहे. त्याहून खाली नेल्यास मॅकफर्सन स्ट्रटच्या (जिथे शॉकच चाकाचा वरचा आधार असतो अशा) गाडीत लोअर आर्म चाकाकडे वर चढत जातो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली घसरते, त्यामुळे बुटकी दिसणारी गाडी वळणावर उलट जास्त कलू पाहते; शिवाय शॉक बंप स्टॉपवर (त्याची हालचाल अडवणाऱ्या शेवटच्या ठोकळ्यावर) आदळला की त्या चाकाची पकड एकाएकी सुटते. डॅम्पिंग (शॉकचा हेलकावे आवरण्याचा जोर, जो क्लिकने कमी-जास्त करता येतो) सुरुवातीला चारही ठिकाणी मध्यावर ठेवावे.

आता कोन. साध्या वळणात पुढची चाके वळणाच्या आत वळतात. ड्रिफ्टमध्ये ती घसरणीच्या दिशेने, म्हणजे वळणाच्या बाहेर वळलेली असतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे जे पुढचे चाक सर्वाधिक वजन पेलते, ते स्टिअरिंगच्या दृष्टीने आतले चाक ठरते, आणि कॅस्टरमुळे (चाक वळण्याचा अक्ष मागे कललेला असल्यामुळे) आतल्या चाकाचा माथा बाहेर कलतो. याची भरपाई म्हणून पुढे उणे ३ ते उणे ४ अंश कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा कल; आत कलला तर उणे) ठेवतात. सरळ उभ्या गाडीत ते विचित्र दिसते, पण पूर्ण स्टिअरिंगवर तोच टायर रस्त्यावर सपाट बसतो. कॅस्टर ६ ते ७ अंश ठेवल्यास स्टिअरिंग हातातून आपोआप उलटे फिरते. पुढचा टो (वरून पाहता चाकांची पुढची कड आत की बाहेर वळली आहे तो कोन) शून्य किंवा अगदी किंचित बाहेर असावा. मागे कॅम्बर शून्य ते उणे १ अंश आणि टो शून्य किंवा किंचित आत ठेवावा. मागचा टो बाहेर कधीही नको. एस१३ खाली केली की मागचा कॅम्बर आपोआप बराच उणे होतो आणि टायरची फक्त आतली कड झिजते, म्हणून तिथे अ‍ॅडजस्ट होणारे मागचे वरचे आर्म आणि टो आर्म ही चैन नसून गरज आहे.

स्टिअरिंगचा कोन वाढवण्यासाठी सुरुवातीला रॅक स्पेसर पुरतो. आतल्या टाय रॉडआड बसणारी ही चकती रॅकला थोडे अधिक सरकू देते. मात्र जाड चकतीमुळे टाय रॉडचे आटे कमी गुंततात, तेव्हा त्या गाडीसाठी बनवलेल्या जाडीपेक्षा अधिक जाडी वापरू नये आणि बसवल्यावर टो पुन्हा लावून घ्यावा. चाके वर उचलून दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग फिरवावे, आणि टायर आर्मला किंवा अँटी-रोल बारला (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीला) घासत नाही, ब्रेकचा होज ताणला जात नाही आणि चाक टोकाला जाऊन अडकून राहत नाही, याची खात्री करावी. मग हीच तपासणी गाडी जमिनीवर उतरवून करावी. कोन खूप वाढवणारे नकल (चाक धरून ठेवणारे व स्टिअरिंगसोबत वळणारे भाग) नंतर घेता येतील. त्यांच्या आधी गाडी ताब्यात ठेवण्याची सवय हवी.

स्ट्रट ब्रेस (दोन्ही स्ट्रटचे माथे जोडणारी दांडी), जाड अँटी-रोल बार आणि सबफ्रेमचे घन धातूचे बुश तूर्त बाजूला ठेवावेत.

बंदिस्त ट्रॅकवर गाडी नेल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, डॅम्पिंग दोन क्लिकनेच हलवावे, डाव्या-उजव्या बाजूला ते सारखे ठेवावे, आणि टायरचा दाब व प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवावा. पहिल्या दिवसानंतर सर्व बोल्ट आणि कॉइलओव्हरच्या लॉक रिंग पुन्हा ठरावीक टॉर्कने तपासाव्यात व त्यांच्यावर रंगाची आडवी रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या वेळी एखादी रिंग फिरली असेल तर गाडीखाली वाकताच दिसेल.