मुंग्या झाडाचे रक्षण करतात का, हे कसे तपासावे

एरंड, कापूस, चवळी अशा वनस्पतींना फुलांबाहेरही मधुरस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात आणि त्या रसासाठी येणाऱ्या मुंग्या पाने खाणाऱ्या अळ्यांना अनेकदा हुसकावतात. मध्य अमेरिकेतील बाभूळवर्गीय काटेरी झाडांवरून अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी मुंग्या काढून टाकल्या, तेव्हा किडींनी ती झाडे खाऊन त्यांची वाढ खुंटवली. हे काम १९६६ साली प्रसिद्ध झाले.

सुरुवात एरंडापासून करावी. देठ जिथे पानाला मिळतो तिथे १० पट मोठे दाखवणारे भिंग धरल्यास बटणासारखा उंचवटा आणि अनेकदा त्यावर चमकणारा थेंब दिसतो. तो चाटणारी मुंगी निवांतपणे पाहावी, कारण हा सारा व्यवहार त्या एका थेंबावर उभा आहे.

मग सारख्या उंचीच्या रोपांच्या निदान १० जोड्या निवडाव्यात. प्रत्येक जोडीतील दोन्ही रोपांच्या खोडाला कागदी पट्टी गुंडाळावी, पण चिकट लेप एका पट्टीवर पूर्ण घेराने आणि दुसरीवर अर्ध्याच घेराने लावावा, म्हणजे फरक केवळ मुंग्यांच्या वाटेचा राहील. लेप थेट सालीवर लावू नये. शेजारचे गवत काढावे; एक पाते टेकले तरी मुंग्यांना पूल मिळतो. दर आठवड्याला कुरतडलेली पाने मोजावीत. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडलेले रोप मात्र वगळावे, कारण तिथे मुंग्या गोड स्रावासाठी माव्यालाच राखतात.