दैवाच्या चौकटीतला माणूस : अभिजात साहित्य शिकायला येणाऱ्यांसाठी

प्राचीन ग्रीक-रोमन अभिजात साहित्याचा अभ्यास नुकताच सुरू केलेल्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न दर वर्षी येतो. ट्रॉय पडणार हे देवांना ठाऊक आहे. त्या युद्धातला ग्रीक वीर अकिलीस अल्पायुषी आहे हे त्याच्या आईला ठाऊक आहे. ईडिपसचं भविष्य तर तो जन्मण्याआधीच सांगून झालंय. मग या माणसांनी एवढी धडपड करायची कशासाठी, आणि आपण ती वाचायची तरी कशासाठी? मी विद्यार्थिनी होते तेव्हा याच प्रश्नानं मला या विषयाकडे ओढून आणलं.

वाचता वाचता आणि शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आधीच सांगते. ‘हे दैवानं घडलं’ असं म्हणून या ग्रंथांमधला कुठलाच प्रसंग मिटत नाही. देव येऊन जातो, भविष्य सांगून होतं, आणि त्यानंतर माणूस जे करतो ते त्याचं स्वतःचं असतं. त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. तुम्ही या विषयाकडे नव्यानं येत असाल तर वाचताना ही एक गोष्ट सतत तपासत राहा. माझं म्हणणं पटतंय की नाही, ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

सारांश वाचून ग्रंथाकडे येऊ नका, हा माझा पहिला आग्रह. सारांशात देवांची कृत्यं तेवढी उरतात, कारण ती एका ओळीत सांगता येतात. ‘अथीना अकिलीसला थांबवते’ असं सारांश सांगतो. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या इलियड या महाकाव्यात, पहिल्या सर्गात प्रत्यक्ष काय आहे ते बघा. ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन यानं भर सभेत अपमान केलाय, अकिलीसची तलवार म्यानातून अर्धी बाहेर आलीये, मारावं की राग गिळावा याचा त्याच्या मनात झगडा चाललाय. त्या क्षणी अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. आणि ती हुकूम सोडत नाही. तू ऐकणार असशील तर तुझा राग आवरायला मी आले आहे, असं म्हणते. अकिलीस विचार करतो, देवांचं ऐकणाऱ्याचं देवही ऐकतात असं म्हणतो आणि तलवार म्यान करतो. झगडा देवी येण्याआधीच सुरू झाला होता, निर्णय ती आल्यानंतरही त्याच्याच हातात राहिला. सारांशातून नेमकं हेच गळून जातं.

याच सर्गात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे पहिल्या वाचनात सहसा लक्ष जात नाही. सुरुवातीला माणसांचं भांडण आहे, शेवटी देवांचं. देवांचा राजा झ्यूस आणि त्याची बायको हेरा यांची जुंपते, मुलगा हेफेस्टस मधे पडतो, देव हसतात, मेजवानी होते, सगळे झोपायला जातात. माणसांच्या भांडणापायी मात्र रणांगणावर प्रेतांचे ढीग पडतात. ज्याला मरण नाही त्याला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही, हे होमर एकदाही शब्दांत सांगत नाही. दोन भांडणं एका सर्गात ठेवतो आणि पुढे जातो. त्याच्या देवांवर ‘किती क्षुद्र’ म्हणून चिडणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा भाग पुन्हा वाचायला सांगते.

एक वही ठेवा. देव कुठेही अवतरला की तीन गोष्टी टिपायच्या: तो कोणाकोणाला दिसतो, तो आला नसता तर त्या माणसानं काय केलं असतं, आणि परिणाम कोणाला भोगावे लागतात. पद्धत साधी आहे, पण चार-पाच सर्ग झाले की वहीतूनच निबंधाचे विषय दिसायला लागतात.

या वहीत एकोणिसाव्या सर्गातलं आगामेम्नॉनचं भाषण आवर्जून उतरवून घ्या. अकिलीसचा मान म्हणून मिळालेली स्त्री त्यानं हिसकावून घेतली, त्यामुळे अकिलीस लढाईतून बाजूला झाला, त्यापायी सैन्याची धूळधाण झाली, आणि आता तो सगळ्यांसमोर म्हणतो की दोष माझा नाही, झ्यूसनं, दैवानं आणि अंधारात फिरणाऱ्या सूडदेवतेनं माझी बुद्धी फिरवली. इथं बहुतेक जण वाचन थांबवतात आणि ‘होमरच्या जगात माणूस देवांच्या हातचं बाहुलं आहे’ असं लिहून मोकळे होतात. पुढच्या ओळी वाचा. झ्यूसनं माझी बुद्धी हरली होती, म्हणूनच आता मी भरपाई करायला तयार आहे, असं तोच म्हणतो. सगळा नजराणा देतो. देवानं करवलं हे कारण तिथं कोणी खोटं ठरवत नाही, आणि त्या कारणानं एका वस्तूचीही सूट मिळत नाही. एकाच कृत्यामागे देवही असतो आणि माणूसही असतो, दोघंही पुरेपूर. आपल्याला सवय आहे ती अर्धं-अर्धं वाटून घ्यायची: इतकं नशीब, इतकी स्वतःची करणी. होमर असं वाटून देत नाही. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, तेवढा तो द्या.

मराठी वाचकाला इथं महाभारत आठवतंच, आणि आठवायलाही हवं. युद्धाचं वर्णन ऐकता ऐकता धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा दैवाला बोल लावतो, आणि संजय त्याला तितक्याच वेळा बजावतो की हे तुझ्याच वागण्याचं फळ आहे. होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याच्या आरंभी झ्यूस हीच तक्रार करतो: माणसं आम्हाला दोष देतात, पण स्वतःच्या अविचारानं वाट्यापेक्षा जास्त दुःख ओढवून घेतात, आगामेम्नॉनला मारणाऱ्या एजिस्थसला तर आम्ही आमचा दूत हर्मीस याला पाठवून आधीच सावध केलं होतं. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना थेट विचारतो की दैव आणि पुरुषकार (माणसाचा स्वतःचा प्रयत्न) यांत श्रेष्ठ काय. उत्तरात पुरुषकाराला शेत म्हटलंय आणि दैवाला बीज. शेताशिवाय बीज निष्फळ.

कर्णाबद्दल लिहिताना मात्र थोडं जपून. वनपर्वात सूर्य त्याच्या स्वप्नात येऊन सांगतो की इंद्र ब्राह्मणाच्या वेशात कवचकुंडलं मागायला येईल, देऊ नकोस. म्हणजे कर्ण फसत नाही. तो सगळं जाणून देतो, कारण त्याला आयुष्यापेक्षा कीर्ती मोठी वाटते. अकिलीसपुढेही दोन वाटा आहेत: ट्रॉयला थांबलं तर अल्पायुष्य आणि अक्षय कीर्ती, घरी परतलं तर दीर्घ आयुष्य आणि विस्मृती. नवव्या सर्गात तो परत जायच्या गोष्टी करतो. अठराव्या सर्गात, जिवलग मित्र पॅट्रोक्लस ट्रॉयच्या हेक्टरच्या हातून मारला गेल्यावर, आई सांगते की हेक्टरपाठोपाठ तुझं मरण आहे, त्यावर तो म्हणतो, मग आत्ताच येऊ दे. इथं दैव आधी ठरलेलं होतं म्हणायचं की त्यानं ते निवडलं म्हणायचं? या दोघांवर तुलनात्मक निबंध लिहिण्यासारखा आहे, पण एक खबरदारी घ्या. ‘दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्’ (जन्म कुठल्या कुळात हे दैवाच्या हाती, पराक्रम माझ्या हाती) हे कर्णाचं वाक्य महाभारतातलं म्हणून उत्तरपत्रिकांमध्ये सर्रास येतं. ते भट्ट नारायणाच्या वेणीसंहार नाटकातलं आहे. कर्णाचं जे रूप आपल्या मनात असतं त्यात नंतरची नाटकं, कादंबऱ्या, मालिका असं बरंच मिसळलेलं असतं. अभ्यासासाठी भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती आधाराला घ्या आणि कोणती गोष्ट कुठे आहे ते पाहूनच लिहा.

आता शोकांतिका. महाकाव्यापेक्षा त्या लहान असतात म्हणून बरेच जण तिथून सुरुवात करतात, त्याला माझी हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: अथेन्सच्या डायोनिससच्या उत्सवात बसलेल्या प्रेक्षकांना या कथांचा गाभा आधीपासून माहीत होता. ईडिपस कोण आहे हे प्रेक्षकांना माहीत होतं, रंगमंचावरच्या ईडिपसला माहीत नव्हतं. पुढे काय होणार ही उत्कंठा तिथं नाहीच. माणूस तिथवर कसा पोचतो ते पाहायचं असतं.

सोफोक्लीसच्या ‘ईडिपस राजा’ या नाटकातल्या ईडिपसबद्दल दोन ठरावीक उत्तरं सापडतात. एक, तो दैवाचा बळी. दोन, त्याच्यात गर्व नावाचा दोष होता म्हणून त्याचा नाश झाला. दुसऱ्या उत्तरासाठी ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा हवाला देतात, पण तिथं ज्या चुकीबद्दल बोललंय ती अजाणतेपणी झालेली चूक असाही अर्थ होतो, आणि ईडिपसला तोच जास्त लागू पडतो असं माझं मत आहे. अभिजात साहित्याचे अभ्यासक ई. आर. डॉड्स यांनी १९६६ साली या नाटकाबद्दलच्या नेमक्या अशा गैरसमजांवर एक निबंध लिहिला. त्याची सुरुवातच विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या उत्तरांपासून होते. नव्या विद्यार्थ्यानं एकच समीक्षा वाचायची ठरवली तर मी तीच हातात देईन.

मूळ नाटकात बघा: देववाणीनं काय सांगितलं होतं? बापाला मारशील, आईशी लग्न करशील. हे दोन्ही पडदा उघडण्याआधी घडून गेलंय. आपण नाटकात जे पाहतो तो शोध आहे, आणि त्याबद्दल देववाणीत एक अक्षर नाही. आंधळा द्रष्टा टायरेशियस सांगतो, विचारू नकोस. राणी जोकास्टा विनवते, थांब. म्हातारा मेंढपाळ गयावया करतो. प्रत्येक वेळी थांबायची मुभा आहे आणि प्रत्येक वेळी ईडिपस पुढचा प्रश्न विचारतो, कारण शहरात रोगराई आहे आणि त्यानं लोकांना शब्द दिलाय. शेवटी डोळे फोडून घेतल्यावर तो म्हणतो की हे दुःख अपोलोनं आणलं, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात माझाच होता. या ओळी मी शिकवते तेव्हा दर वेळी वाटतं, आगामेम्नॉननं जे नाइलाजानं मान्य केलं ते या माणसानं आपणहून, ताठ उभं राहून मान्य केलं.

एस्किलसची ओरेस्टिया ही नाट्यत्रयी (इ.स.पू. ४५८) जड आहे, घाई करू नका. तिथं क्लिटेम्नेस्ट्रा आपण मारलेल्या नवऱ्याच्या, आगामेम्नॉनच्या प्रेतापाशी उभी राहून म्हणते की हे मी केलं नाही, या घराण्याचा जुना सूडपिशाच माझ्या रूपानं आला. वृद्धांचा समूह (कोरस) तिला उलट विचारतो, तू निर्दोष आहेस अशी साक्ष कोण देईल? आणि लगेच पुस्ती जोडतो की त्या पिशाचाची साथ मात्र असेल. समूहगीतं कंटाळवाणी म्हणून वगळणाऱ्यांच्या हातून असे संवाद निसटतात. मोठ्यानं वाचा, दोघं-तिघं मिळून वाचा. ती म्हणण्यासाठीच लिहिली आहेत.

युरिपिडीस मला सगळ्यांत जवळचा, हे लपवत नाही. हिप्पोलिटस (इ.स.पू. ४२८) मध्ये प्रेमदेवता ॲफ्रोडायटी पहिल्याच भाषणात सांगून टाकते की या मुलाचा मी आज नाश करणार. शेवटी त्याची लाडकी देवी आर्टेमिस येते, सत्य सांगते, आणि तो मरायला टेकल्यावर निघून जाते, कारण देवांनी मृत्यू पाहायचा नसतो. मागे उरतात बाप आणि मुलगा. ज्याच्या शापानं मरण आलं त्या बापाला मुलगा दोषमुक्त करतो. युरिपिडीसच्याच हेराक्लीस नाटकात देवांनी लादलेल्या वेडात नायक आपल्या बायकोमुलांना मारतो. शुद्धीवर आल्यावर त्याला जगायचं नसतं. तेव्हा अथेन्सचा राजा थिसियस त्याच्याजवळ येतो, विटाळाची पर्वा न करता त्याला हात देतो, अथेन्सला चल म्हणतो; आणि हेराक्लीस जगायचं ठरवतो. बारा पराक्रम केलेल्या माणसाचं सर्वांत अवघड काम मला हेच वाटतं. देवांकडून न मिळालेली क्षमा आणि सोबत माणसंच एकमेकांना देतात, हे इतक्या स्पष्टपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

रोमन कवी व्हर्जिलच्या ईनिड या महाकाव्याकडे होमर पचल्यावरच जा. ट्रॉयहून निघालेला ईनियस त्याचा नायक. तिथं त्याच्यावर खार खाणाऱ्या ज्युनो देवीला दैव बदलता येत नाही हे ठाऊक आहे, तरी ती ते लांबवत राहते, आणि त्या लांबण्यात कार्थेजची राणी डायडो हिच्यासारखी माणसं चिरडली जातात. शेवट धक्कादायक आहे: शरण आलेला शत्रू टर्नस याला सोडावं की मारावं, याचा निर्णय ईनियसचा एकट्याचा.

लघुप्रबंधाचा विषय निवडताना ‘होमरमधील नियती’ असलं काही घेऊ नका. वर्षभर वाचूनही हाताला काही लागणार नाही. एकच प्रसंग घ्या. इलियडच्या सोळाव्या सर्गात मुलगा सार्पेडन मरणार म्हणून तळमळणारा झ्यूस घ्या: हेरा म्हणते, वाचव हवं तर, पण बाकीच्या देवांना ते मान्य होणार नाही, आणि झ्यूस रक्ताचा पाऊस पाडून मुलाला जाऊ देतो. त्याला जमलं नसतं की त्यानं केलं नाही? एवढ्यावर एक अख्खं प्रकरण होईल. दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचा, कारण जबाबदारी कोणाची याचा सूर अनुवादकागणिक बदलतो. अनुवाद विकत घेताना मूळ ओळींचे क्रमांक छापलेला घ्या. ते सगळ्या प्रमाण आवृत्त्यांत जवळपास सारखे असतात, गद्य अनुवादांत मात्र पुष्कळदा नसतात. तोंडी परीक्षेत ‘हे कुठे म्हटलंय?’ असं विचारलं की सर्ग आणि ओळ सांगता यायला हवी.