कॅम्पसवर गुप्तचर संस्थेचा माणूस भेटला तर कसा ओळखायचा आणि काय करायचं

गुप्तचर संस्थेचा माणूस पहिल्या भेटीत "आमच्यासाठी हेरगिरी करशील का" असं विचारत नाही. तो एखादा निबंध लिहून मागतो, कॉन्फरन्सचं तिकीट काढून देतो, तुमच्या थीसिसबद्दल तासभर मन लावून ऐकतो. आणि हे युनिव्हर्सिटीतच जास्त घडतं कारण हुशार, तरुण, पैशाने तंग आणि उद्या मोठ्या जागेवर जाऊ शकणारी माणसं तिथे एका आवारात सापडतात, वर अनोळखी माणसाने येऊन गप्पा मारल्या तर कोणाला त्यात वावगंही वाटत नाही. एमएस, पीएचडी, पोस्टडॉकसाठी अमेरिकेला निघालेल्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय, आईवडिलांनीही वाचा.

आधी उघड भरतीचं पटकन सांगते. सीआयए, एनएसए (फोन-इंटरनेटवर कान ठेवणारी) वगैरे संस्था अमेरिकेत करिअर फेअरला स्टॉल लावतात, विद्यार्थ्यांना पगारी इंटर्नशिप देतात, सगळं वेबसाइटवर असतं. बोरेन स्कॉलरशिप आहे, १९९१ च्या कायद्यातून आलेली, त्यात भाषा शिकायला पैसे मिळतात आणि बदल्यात किमान एक वर्ष सरकारी नोकरी करावी लागते. ब्रिटनमध्ये पूर्वी ऑक्सफर्ड-केंब्रिजचे प्राध्यापक निवडक पोरांना बाजूला घेऊन हळूच विचारायचे, तिथल्या एमआय६ या परदेशी हेरगिरीच्या संस्थेने २००५-०६ पासून वेबसाइट आणि जाहिराती सुरू केल्या. पण या सगळ्याला अट आहे नागरिकत्वाची. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या भारतीय मुलाला सीआयएत नोकरी मिळत नाही, त्यामुळे कोणी "तुझं तिथे काम करून देतो, ग्रीन कार्डचंही बघू" म्हणालं तर तो एकतर ठग आहे नाहीतर तुम्हाला नोकर नाही, खबरी बनवतोय. आपल्याकडेही आयबीच्या एसीआयओ म्हणजे गुप्तचर अधिकारी पदांची जाहिरात गृहमंत्रालय उघडपणे काढतं, रीतसर परीक्षा असते. व्हॉट्सअॅपवर "रॉ मध्ये भरती, फी भरा" असं जे फिरतं त्याच्याकडे बघूसुद्धा नका.

आता छुप्या भरतीकडे येऊ. मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती ग्लेन डफी श्रायव्हरची केस, कारण तो कोणी जेम्स बॉण्ड नव्हता, मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीचा साधा विद्यार्थी होता. शिकायला म्हणून शांघायला गेला, चिनी भाषा आवडली, ग्रॅज्युएट झाल्यावर परत तिथेच गेला आणि २००४ च्या सुमारास एक जाहिरात बघितली, अमेरिका-चीन संबंधांवर लेख लिहून हवाय. जाहिरात देणारी बाई स्वतःला अमांडा म्हणवायची. लेखाचे १२० डॉलर मिळाले, कौतुकही झालं. मग तिने दोन "मित्रांशी" ओळख करून दिली, जेवणं झाली, मैत्री वाढली. मग हळूच सल्ला आला की तू इतका हुशार, अमेरिकन सरकारात का जात नाहीस? त्याने परराष्ट्र खात्याची परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा नापास झाला, तरी त्यांनी आधी १०,००० आणि मग २०,००० डॉलर दिले. पुढे सीआयएसाठी अर्ज केला तेव्हा ४०,००० घेतले. एकूण ७०,००० डॉलर, आणि एकही गुपित त्याने अजून दिलेलं नव्हतं, कारण द्यायला त्याच्याकडे काही नव्हतंच! २०१० मध्ये अटक झाली, २०११ च्या जानेवारीत चार वर्षांची शिक्षा. एफबीआयने नंतर यावर परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी एक छोटी फिल्मही बनवली.

यात बघण्यासारखं काय, तर पहिलं काम शंभर टक्के निर्दोष होतं. म्हणून समोरच्या माणसाचा चेहरा किंवा देश बघून काही कळत नाही, मागणी कुठल्या दिशेने सरकतेय ते बघा. आधी छापील गोष्टींवर मत मागतात, मग "तुझ्या लॅबमध्ये कोण कोण काय करतं", मग अजून पब्लिश न झालेला डेटा, मग तू कुठे नोकरी धरावीस याचा सल्ला. लेख लिहून घेतला तर तो कुठे छापणार? कुठेच छापणार नसतील आणि तरी पैसे बाजारभावापेक्षा जास्त देत असतील तर त्यांना लेख नकोय, तुम्ही हवे आहात. पैसे कॅशमध्ये पण पावतीवर सही मात्र हवी, हा तर जुना प्रकार आहे, ती सही उद्या तुमच्यावर दबाव आणायला वापरता येते. ईमेलवरचं बोलणं वेगळ्या अॅपवर न्यायचा आग्रह, "गाईडला सांगू नकोस, उगाच गैरसमज होईल" हे वाक्य, आणि नोकरीधंदा नक्की काय हे तीन भेटींनंतरही धड न सांगणं, यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबा.

आणि आमिष दरवेळी पैशाचं असतं असं अजिबात समजू नका. अॅना माँटेस वॉशिंग्टनला जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीच्या सैस या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या कॉलेजात शिकत होती, अमेरिकेच्या निकाराग्वा धोरणावर ती चिडलेली होती आणि ते उघडपणे बोलायची. एका वर्गमैत्रिणीने ते हेरलं आणि १९८४ मध्ये तिला न्यूयॉर्कला नेऊन क्युबाच्या माणसाशी गाठ घालून दिली, असं अमेरिकन सरकारचं त्या मैत्रिणीवरचं आरोपपत्र सांगतं. माँटेस पुढे अमेरिकेच्याच लष्करी गुप्तचर संस्थेत क्युबाची मोठी तज्ज्ञ झाली आणि सोळा वर्षं क्युबाला माहिती देत राहिली, २१ सप्टेंबर २००१ ला पकडली गेली, जवळजवळ फुकट काम केलं तिने. म्हणजे राग, एकटेपणा, तत्त्वनिष्ठा, व्हिसाची धास्ती, जे काही तुमच्यात असेल त्याला हात घालतात, आणि हात घालणारा बऱ्याचदा बाहेरचा नसतोच, शेजारच्या बाकावरचा असतो.

किंवा फळ्यासमोरचा. केंब्रिजला अँथनी ब्लंट हा ट्रिनिटी कॉलेजचा फेलो, कलेचा अभ्यासक, सोव्हिएत संघासाठी मुलं निवडायचा, मायकल स्ट्रेट नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याला त्यानेच १९३७ मध्ये गळाला लावलं. १९७९ मध्ये थॅचरबाईंनी पार्लमेंटमध्ये त्याचं नाव जाहीर केलं तोवर तो राणीच्या चित्रसंग्रहाचा प्रमुखही राहून झालेला होता आणि "सर" सुद्धा. अमेरिकेत तर सीआयएच्या आधीची जी ओएसएस संस्था होती तिचा संशोधन विभागच हार्वर्डचे इतिहासकार विल्यम लँगर चालवायचे, त्यामुळे प्राध्यापक आणि गुप्तचर यांचं नातं सुरुवातीपासूनचं आहे. १९७६ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने (सिनेटर फ्रँक चर्च यांच्या नावाची, गुप्तचर संस्थांची चौकशी करणारी) लिहून ठेवलंय की शंभराहून जास्त अमेरिकन कॉलेजं, युनिव्हर्सिट्या आणि संस्थांमधले कित्येकशे अकॅडमिक लोक, त्यात प्राध्यापक, प्रशासक आणि चक्क वर्गात शिकवणारे ग्रॅज्युएट विद्यार्थीही आले, सीआयएला नावं सुचवतात आणि ओळखी करून देतात. यावर हार्वर्डने १९७७ मध्ये नियम केला की त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय कोणाचंही नाव द्यायचं नाही, सीआयएने तो मानायला नकार दिला. मला यातलं हेच सगळ्यात टोचतं. प्राध्यापकाने सरकारला सल्ला द्यावा, उघडपणे द्यावा, त्यात गैर काही नाही, पण माझ्याकडे विश्वासाने शिकायला आलेल्या परक्या देशातल्या पोराचं नाव, त्याची आर्थिक अडचण, त्याचे घरचे प्रश्न मी त्याला न सांगता कोणाच्या तरी फायलीत पोचवावे हा सरळसरळ विश्वासघात आहे.

पैशाचंही तसंच. १९८५ मध्ये हार्वर्डच्या मध्यपूर्व अभ्यास केंद्राचे संचालक नादव सफ्रान यांनी भरवायला घेतलेल्या परिषदेला सीआयएचे ४५,७०० डॉलर होते हे बाहेर आलं, पुस्तकासाठी एक लाखावर वेगळे. परिषदेला बोलावलेल्यांना याचा पत्ता नव्हता, बरेच जण आलेच नाहीत, सफ्राननी संचालकपद सोडलं. आणि हे फक्त अमेरिकेतच होतं असं नाही. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या लेखक-विचारवंतांच्या कम्युनिस्टविरोधी संस्थेची भारतीय परिषद १९५१ मध्ये आपल्या मुंबईत भरली होती, तिच्या भारतीय शाखेचं "क्वेस्ट" हे नियतकालिक १९५५ पासून मुंबईतून निघायचं, कवी निसीम इझिकेल पहिले संपादक. १९६६-६७ मध्ये उघड झालं की मूळ संस्थेला सीआयएचा पैसा होता. त्याच काळात अमेरिकेतल्या नॅशनल स्टुडंट असोसिएशनलाही वर्षानुवर्षं तोच पैसा येत होता हे रॅम्पार्ट्स मासिकाने छापलं. क्वेस्टमध्ये लिहिणाऱ्या कितीतरी चांगल्या लेखकांना याची कल्पना नव्हती आणि त्यांचं लिखाण त्यामुळे खोटं ठरत नाही, पण आपलं नाव कशाला जोडलं जातंय हे कळायचा हक्क त्यांना होता की नाही?

म्हणून प्रोजेक्ट घेताना गाईडला सरळ विचारा, फंडिंग कोणाचं? चांगला प्राध्यापक रागावत नाही, लगेच सांगतो. डार्पा (अमेरिकन लष्कराची) आणि आयार्पा (गुप्तचर खात्यांची) या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थांचे पैसे बऱ्याच लॅबमध्ये उघडपणे असतात, पेपरच्या शेवटी आभारात लिहिलेलंही असतं, त्याने घाबरायचं कारण नाही. लॅबचे जुने पेपर काढून आभार वाचा, युनिव्हर्सिटीच्या रिसर्च ऑफिसला विचारा. काही प्रोजेक्टवर एक्सपोर्ट कंट्रोलमुळे, म्हणजे संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी हातात जाऊ नये म्हणून असलेल्या नियमांमुळे, परदेशी विद्यार्थ्याला कामच करता येत नाही, ते अर्ध्या पीएचडीत कळण्यापेक्षा पहिल्या महिन्यात कळलेलं बरं.

आता उलट बाजू, तुमच्या दारात एफबीआय. हे लोक कॅम्पसवर येतात, कधी तुमच्याच मित्राबद्दल विचारायला, कधी "सहज गप्पा" मारायला. १९८० च्या दशकात तर सोव्हिएत लोक काय वाचतात हे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत लायब्ररीवाल्यांना विचारत होते. घाबरून जाऊ नका. नाव, ओळखपत्र आणि कार्ड मागून घ्या, आणि शांतपणे सांगा की मी वकिलाशी बोलून मग भेटेन. तुम्ही नागरिक नसलात तरी गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, वॉरंट नसेल तर घरात घ्यायची किंवा फोन उघडून द्यायची सक्ती नाही. एकच गोष्ट चुकूनही करू नका, खोटं बोलू नका. केंद्रीय एजंटशी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं बोलणं हाच तिथे गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, शपथ घेतलेली नसली तरी. गप्प बसलेलं चालतं. त्याच दिवशी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला कळवा. आणि "आम्हाला मदत कर, व्हिसाचं बघतो" असं तोंडी आश्वासन कोणी दिलं तर त्यावर एक पाऊलही टाकू नका. अटकच झाली तर भारतीय वकिलातीला कळवा म्हणून तिथल्या तिथे सांगायचं, तो आंतरराष्ट्रीय कराराने मिळालेला हक्क आहे.

आणि जर आधीच अडकला असाल, पैसे घेतले असतील, काहीतरी पाठवून झालं असेल तर? जी चाओचुन हा चिनी मुलगा २०१३ मध्ये शिकागोला इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला आला, चीनच्या एका गुप्तचर अधिकाऱ्याने त्याला आठ जणांची पैसे भरून मिळणारी बॅकग्राऊंड रिपोर्ट काढायला सांगितली, इंटरनेटवर कोणीही विकत घेऊ शकतो अशी. पुढे अमेरिकन सैन्यात भरती होताना फॉर्मवर परदेशी सरकारशी संपर्क नाही असं लिहून बसला. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे माहिती गुप्त नव्हती हा बचाव पुरत नाही, परदेशी सरकारच्या सांगण्यावरून गुपचूप काम केलं एवढंच पुरतं. त्यामुळे आपल्या मनाने निस्तरायला जाऊ नका, पहिल्यांदा वकील गाठा, इमिग्रेशन आणि क्रिमिनल दोन्हीची माहिती असलेला, फीसाठी घरी सांगावं लागलं तर सांगा, आईबाबा ओरडतील पण उभे राहतील. तोवर त्या माणसाला नवीन काही पाठवायचं नाही, त्याच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही, जुने मेसेज आणि ट्रान्सफरच्या नोंदी डिलीट करायच्या नाहीत कारण पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वेगळा लागू शकतो, आणि त्याला ब्लॉक करायचं की नाही हेसुद्धा वकिलाला विचारूनच ठरवा.