केळीच्या खोडापासून सेल्युलोजचा लगदा आणि पुठ्ठा

गोव्यातील फोंडा, सत्तरी, सांगे भागांतील कुळागरांत (नारळ-सुपारीच्या बागांत) घड उतरवल्यावर केळीचे खोड तोडून तिथेच टाकले जाते. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. मात्र सोपटांतून, म्हणजे खोडाच्या एकावर एक गुंडाळलेल्या थरांतून, निघणाऱ्या धाग्यात लाकडापेक्षा सेल्युलोज (कागदाचा मुख्य तंतुमय घटक) अधिक आणि लिग्निन (तंतूंना चिकटवून ठेवणारा कडक घटक) कमी असते. त्यामुळे लाकडासाठी लागणारी तीव्र रसायने व मोठा दाब न वापरता साध्या धुण्याच्या सोड्यावर त्याचा चांगला लगदा होतो. गोव्यात हे काम पाऊस ओसरल्यावर, चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) हाती घ्यावे, कारण दमट हवेत पुठ्ठा वाळण्याआधी त्याला बुरशी धरते.

खोड ताजे असतानाच सोपटे सुटी करावीत, बोथट सुरीने गर खरवडून धागे काढावेत आणि उन्हात वाळवावेत. गर मात्र झाडांच्या बुंध्यांशी परत घालावा, कारण त्यात पालाश (पोटॅश) भरपूर असते. वाळलेल्या धाग्यांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करून एक किलो धाग्यास सुमारे २०० ग्रॅम सोडा, या प्रमाणात, धागे पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात दोन-तीन तास उकळावे. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो. हातमोजे आणि चष्मा वापरावा. चिमटीत धरून ओढल्यावर धागा सहज तुटू लागला, की लिग्निन पुरेसे सुटले असे समजावे.

यानंतरची धुणी आणि कुटाई हाच या कामाचा गाभा आहे, आणि इथे घाई केल्यास पुढचे सर्व श्रम वाया जातात. पाणी नितळ येईपर्यंत व लिटमसचा लाल कागद सोड्यामुळे निळा होणे थांबेपर्यंत धागे धुवावेत, मग लाकडी मोगरीने कुटावेत. कुटल्याने तंतूंची टोके पिंजली जातात. वाळताना अशा तंतूंतील हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधील आकर्षणाने, एकमेकांना धरतात, म्हणून पुठ्ठ्याला वेगळा डिंक लागत नाही. काचेच्या बरणीत चिमूटभर लगदा पाण्यासह हलवून उजेडासमोर धरावा. गाठी दिसल्या तर पुन्हा कुटावे. एकसारखा ढग दिसला तर लगदा तयार आहे.

पाण्यात पातळ केलेला लगदा जाळीच्या चौकटीवर समान उचलावा, सुती कापडावर पालथा घालावा आणि दोन फळ्यांत दाबून वाळवावा. जाड पुठ्ठा हवा असल्यास ओले थर एकावर एक दाबावेत.

उकळलेले काळे पाणी पाटात किंवा विहिरीजवळ कधीही सोडू नये. सोडा आणि विरघळलेले लिग्निन पाण्यातील जिवांना मारक ठरते. ते व्हिनेगरने उदासीन करून सांडपाण्याच्या टाकीतच न्यावे.

हा पुठ्ठा ओलाव्यापुढे टिकत नाही, आणि त्यावर प्लास्टिकचा थर चढवला तर त्याचा मातीत कुजून जाण्याचा गुणच जातो. म्हणून तो कोरड्या मालासाठी, म्हणजे काजूच्या खोक्यांतील कप्प्यांसाठी किंवा फेणीच्या बाटल्यांमधील आडपट्ट्यांसाठी वापरावा.