जंप बर्फावर अडलीय? मग थोडे दिवस जमिनीवर या

फिगर स्केटिंगमध्ये बर्फावरचा वेळ कुणालाच पुरत नाही, त्यातला निम्मा पडण्यात आणि उठण्यात जातो, म्हणून कोच म्हणतात ऑफ-आइस, म्हणजे बर्फाबाहेरचा सराव, करत जा, आणि मग आपण काय करतो तर शूज घालून हॉलमध्ये वीस-पंचवीस जंप्स मारतो, धापा टाकतो, घाम पुसतो, झालं. मी पण दोन वर्षं हेच केलं. कमाई काय, तर एक वाईट सवय, जी काढायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. उडायच्या आधीच जमिनीवर पाय पिळायचा, म्हणजे बुटाचा चवडा फरशीवर घासत घासत अर्धा राउंड तिथेच उरकायचा आणि मग उडायचं. बघणाऱ्याला वाटतं डबल, म्हणजे दोन राउंड, झाली, हवेत मात्र दीडच.

त्यामुळे आधी हे डोक्यात फिट करा की टेकऑफची एज, म्हणजे ब्लेडची कड, जमिनीवर शिकता येत नाही. बर्फावर ब्लेड गोलाईत सरकत असते आणि त्या सरकण्यातूनच जंपला फिरकी मिळते, जमिनीवर सरकणंच नाही तर एज कुठून आणणार. लुत्झ आणि फ्लिप या दोन जंप्स घ्या: लुत्झ बॅक आउटसाइडवरून (मागे सरकत, बाहेरच्या कडेवरून) आणि फ्लिप बॅक इनसाइडवरून (आतल्या कडेवरून), एवढा मोठा फरक, पण हॉलमध्ये दोन्ही सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. जमिनीवर खरं काम तीनच गोष्टींवर होतं: सरळ वर उडणं, हवेत पटकन घट्ट होणं आणि लँडिंग धरून ठेवणं. (मी डावीकडे फिरणाऱ्यांसाठी लिहितेय, म्हणजे लँडिंग उजव्या पायावर. उलटं फिरत असाल तर सगळं उलटं वाचा.)

बहुतेकांना वाटतं आपली उंची कमी पडते. जरा हिशोब बघा. ३० सेंटिमीटर उडालात तर हवेत साधारण अर्धा सेकंद मिळतो, ४० सेंटिमीटर उडालात तर ०.५७ सेकंद. म्हणजे दहा सेंटिमीटर वाढवायला महिनोन्‌महिने स्क्वॉट्स मारायचे आणि हातात येणार सात शतांश सेकंद. तेवढे तर आपण हात उशिरा ओढून रोज फुकट घालवतो! पाय जमिनीवरून सुटला की फिरकी नव्याने मिळत नाही, टेकऑफला घेतलेली असते तेवढीच, फक्त हातपाय मधल्या रेषेजवळ आणले की त्याच फिरकीत वेग वाढतो. फिरत्या खुर्चीत बसून हात पसरा आणि मग एकदम छातीशी घ्या, लगेच कळेल मी काय म्हणतेय ते. म्हणून उंचीवर काम करा जरूर, पण आधी घट्ट व्हायला शिका.

उंची मोजायची असेल तर फोन पुरतो. सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा, पाय सुटल्यापासून बोटं टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि २४० ने भागा. १२० आल्या तर अर्धा सेकंद. गुडघे दुमडून टेकलात तर आकडा खोटाच मोठा येतो, तेव्हा स्वतःला फसवू नका.

आता प्रत्यक्ष. जागा लाकडी फ्लोअरची असेल तर उत्तम, रबर मॅट पण चालते, सिमेंटवर रोज उड्या मारू नका. कार्पेट तर नकोच, पाय तिथेच रुतून बसतो आणि वरचं शरीर फिरतं, मग गुडघा पिळवटतो. मोजे घालून तर अजिबात नाही. दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या, घोटे आणि कंबर मोकळी करणं, आणि मग सुरुवात.

सुरुवात न उडता. उजव्या पायावर उभं राहा, डावा पाय घोट्याच्या वर क्रॉस, मुठी छातीपाशी, कोपरं अंगालगत, मान सरळ आणि नजर किंचित डावीकडे. बॅकस्पिनची, म्हणजे लँडिंगच्या पायावर जागेवर फिरायची, पोझिशन तीच हवेतली पोझिशन. दहा सेकंद डगमगल्याशिवाय उभं राहता आलं पाहिजे, आणि पहिल्या दिवशी येत नाही, मला चार सेकंदांत भिंत धरावी लागली होती. हे जमलं की दोन्ही पायांवरून सरळ वर उडायचं, न फिरता, सुटल्या सुटल्या याच पोझिशनमध्ये बंद व्हायचं आणि टेकायच्या आधी उघडायचं. दिसायला बालवाडीचं काम आहे, पण इथेच कळतं की हात किती आळशी आहेत. मग अर्धा राउंड, मग एक. डबलला घाई करू नका, एक राउंड पाचपैकी पाच वेळा त्याच जागी टेकत नसेल तर दोनमध्ये फक्त चूक डबल होणार.

त्याच जागी टेकतेय की नाही हे कसं कळणार? जमिनीवर चिकटपट्टीने मोठी फुली काढा. मध्यावर उभं राहून एका रेषेकडे तोंड करा, जंप मारा, आणि टेकल्या क्षणी पायाचा अंगठा कुठे आहे ते बघा, नंतर वळून दुरुस्त केलेला नाही, टेकल्या क्षणीचा. जिथे टेकायचं त्याच्या एक रेष अलीकडेच अंगठा थांबला तर पाव राउंड गेला. स्पर्धेत बरोबर पाव कमी असेल तर क्यूची खूण लागते, पावपेक्षा जास्त कमी असेल तर अंडररोटेटेड (कमी फिरलेली), आणि अर्धा किंवा त्याहून जास्त कमी असेल तर थेट डाउनग्रेड, म्हणजे ट्रिपलला डबलचे मार्क. टेकताना फुलीपासून एक फूट डावीकडे गेलात तर समजा की हवेत डावीकडे कललात, आणि कललेला भोवरा नीट फिरत नाही.

माझी पाय पिळायची सवय पण या फुलीनेच पकडली. व्हिडिओत दिसलं की पाय सुटतानाच माझा अंगठा अर्ध्या राउंडवर पोचलेला असायचा. उपाय एकच होता, फिरणं सोडून पुन्हा सरळ उड्या, तीन आठवडे, प्रचंड कंटाळा.

ॲक्सलचं थोडं वेगळं. मुख्य सहा जंप्सपैकी ही एकच पुढे तोंड करून घेतात म्हणून अर्धा राउंड जास्त, सिंगल म्हणजे दीड. जमिनीवर हिचं सगळ्यात जास्त काम होतं, कारण पाऊल टाकून वर जाणं इथेही तसंच आहे. डाव्या पायावर पाऊल, उजवा गुडघा पुढून वर, आणि अंगाचं वजन डावीकडून उजव्या बाजूवर न्यायचं. फिरायच्या नादात लोक हेच विसरतात, वजन डावीकडेच राहतं आणि जंप मागे कोसळते. आधी बुटक्या पायरीवर उजवा पाय ठेवत, न फिरता, वीस वेळा करा. मग वॉल्ट्झ जंप, म्हणजे पुढून घेतलेली अर्ध्या राउंडची. मग ॲक्सल.

लँडिंगकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही. वीस-तीस सेंटिमीटरच्या पायरीवरून उजव्या पायावर उतरा: आधी चवडा, मग टाच, गुडघा वाकलेला आणि बोटांच्या रेषेत, आत घसरलेला नाही. हात उघडे, डावा पाय मागे, तीन मोजेपर्यंत स्थिर. डोळे मिटून आवाज ऐका, धप्प आला तर पाय ताठ होता. बर्फावर पण आधी टो पिक (ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दाते) टेकते आणि मग ब्लेडवर येतो, म्हणून टाचेवर उतरायची सवय इथे लावू नका.

किती करायचं? माझ्या मते आठवड्यात तीन दिवस, आणि फिरण्याच्या जंप्स दिवसाला तीस-चाळीस, बास. शंभर मारणारे असतात, पण साठाव्यानंतर सगळ्या थकलेल्या जंप्स असतात आणि शरीर त्याच लक्षात ठेवतं. वाढत्या वयाच्या मुलांना गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखायला लागलं तर उड्या बंद, डॉक्टरांना दाखवा, सहन करायला लावू नका. बाकी एका पायावरचे काफ रेज, स्प्लिट स्क्वॉट, प्लँक हे आहेच. स्पिनर (उभं राहून गरगर फिरायची छोटी पट्टी) घेतलात तर बॅलन्ससाठी ठीक, पण जवळ भिंत असू दे, डोक्यावर पडायला एक सेकंद पुरतो.

आणि हो, जमिनीवर जमलेली डबल पुढच्याच दिवशी बर्फावर मिळेल असं धरून चालू नका. बूट आणि ब्लेडचं वजन पायाला लागलं की क्रॉस व्हायला वेळ लागतो आणि घोटा तेवढा वाकत नाही. मी अजूनही बूट घालायच्या आधी रिंकच्या बाहेर पाच सरळ उड्या आणि पाच सिंगल मारते, लगेच बर्फावर जाऊन आधी सिंगल लूप (एक राउंडची एक जंप) घेते, आणि ती गच्च बसली तरच डबलच्या वाटेला जाते.