हे पेशीत कुठं घडतं?

तासगावहून सकाळची एसटी धरून मी सांगलीला बी.एस्सी.ला यायचे. बारावीत पेशीची आकृती इतकी घोटली होती की डोळे मिटून काढता यायची. त्याच भरवशावर मायक्रोबायोलॉजी घेतली आणि ग्रॅम स्टेनच्या, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखायच्या, पहिल्याच प्रॅक्टिकलला अडले. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू जांभळा दिसायला हवा होता, पण माझी स्लाइड सगळी गुलाबी. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे पेशीत कुठं घडलं, सांग."

उत्तर होतं पेशीभित्तिकेत. जाड भित्तिकेत क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडीन अडकून बसतं. मी अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं, तेही धुऊन निघालं आणि शेवटी लावलेल्या सॅफ्रॅनिनचा गुलाबी रंग तेवढा उरला. त्या दिवशी मॅडमचा प्रश्न जर्नलच्या पहिल्या पानावर लिहिला. यंदा प्रवेश घेणाऱ्यांनो, तुम्हीही लिहा. बाकी स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला जिवाणूंचा थर, पातळ करा, पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीवर धरू नका आणि तेल फक्त 100च्या लेन्सला.

आकडे मात्र पाठच हवेत, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटर, स्टॅफिलोकोकस सुमारे 1, फ्लूचा विषाणू जेमतेम 0.1. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाला 0.2च्या खालचं वेगळं दाखवता येत नाही. म्हणजे फ्लूचा विषाणू तिथं दिसणार नाही, आणि जिवाणू वाढवायच्या आगर प्लेटवर वाढणारही नाही. त्याला प्रथिनं बनवणारे स्वतःचे रायबोसोम नाहीत, जिवंत पेशीत शिरूनच त्याला स्वतःच्या प्रती काढून घ्याव्या लागतात. पेनिसिलिन जिवाणूच्या भित्तिकेची बांधणी अडवतं. विषाणूला भित्तिकाच नाही, मग ते अडवणार काय? 2019च्या पुरात माझ्या मैत्रिणीच्या घरात पाणी शिरलं. चिखल उपसल्यावर तिच्या वडिलांना डॉक्टरांनी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. लेप्टोस्पायरा जिवाणू आहे, तिथं ती गोळी चालते. डेंग्यूच्या विषाणूवर चालत नाही, ताप आणि अंगदुखी कितीही सारखी वाटली तरी.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आजीला नागीण उठली. डाव्या बरगडीखाली फोडांचा पट्टा आणि भयंकर आग. शेजारणीनं काव लावायला सांगितली. आजी सारखी म्हणायची, "इळखा पुरा झाला का बघ गं." विळखा पुरा झाला की माणूस जातो, ही आमच्याकडची समजूत. मी तिच्याजवळ बसले आणि तोच प्रश्न स्वतःला विचारला. आजीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. अंगावरच्या खपल्या गेल्या तरी तो विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठीत झोपून राहतो. वयानं प्रतिकारशक्ती उतरली की जागा होतो आणि त्या एकाच चेतातंतूच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. प्रत्येक बाजूच्या चेता वेगळ्या, म्हणून पट्टा सहसा पोटाच्या मध्यरेषेशी थांबतो. ही जन्माची भीती एका चेतापेशीच्या आकृतीनं उतरते, हे मला फार मोठं वाटलं, आजही वाटतं. आकृती वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवली.

त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं, कारण ॲसायक्लोव्हिर पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. हे औषध विषाणूच्या डीएनएची नक्कल थांबवतं. ते आधी चेतवावं लागतं आणि ते काम विषाणूचंच एन्झाइम करतं. त्यामुळे लागण न झालेल्या पेशींना त्रास कमी. प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना, एक्स्टर्नलला, मी हेच उदाहरण सांगितलं होतं.

गोळ्या सुरू झाल्यावर आजी जरा निवांत झाली. मग तिनं विचारलं, "आता बाळाला मांडीवर घेऊ का?" दादाचं बाळ तेव्हा सहा महिन्यांचं. फोडातल्या पाण्यात विषाणू असतो, कांजिण्या न झालेल्या बाळाला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हटलं, "आज्जी, खपल्या धरूदेत, मग घे."