दसऱ्यानंतर पेरा, शिमग्यापर्यंत कापा: परसातला पालक

घटातलं धान नऊ दिवसांत वीतभर वर येतं. ते बघून हात शिवशिवतात आणि बरेच जण माळेच्या दिवसांतच पालकाचं बी टाकून मोकळे होतात. थोडं थांबा. परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो, आणि तो गेला की ऑक्टोबरचं ऊन चटके देतं. कोवळ्या पालकाला दोन्ही सोसत नाहीत. पुणे, सातारा, नगर, नाशिक या बाजूला ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धरा. कोकणात पाऊस नक्की उघडल्याशिवाय वाफ्याला हात लावू नका, नोव्हेंबर उजाडला तरी चालेल. विदर्भात रात्री पांघरूण लागायला लागलं की पेरा. तिथून फेब्रुवारीअखेरपर्यंत पालकाचे दिवस.

पालक उगवायला सोपा, त्यामुळे चूक होते ती बहुधा हिशोबात. एका वर्षी मी पन्नास ग्रॅमचं अख्खं पाकीट एकाच दिवशी टाकलं. चौथ्या दिवशी रात्री वळीव कोसळला, निम्मं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा झालं. जे उरलं ते सगळं एकदम तयार झालं. आठवडाभर पालकाची पातळ भाजी, पालकपुरी, पालकाची भजी, मग शेजारीपाजारी वाटप. शेवटी शेजारच्या काकूंनी दारातूनच सांगितलं, ‘आता पंधरा दिवस नको हं.’ आणि पंधरा दिवसांनी आमच्याच घरी मंडईतून जुडी आणावी लागली, कारण जुडी बांधायच्या सवयीनं मी सगळा पालक मुळासकट उपटला होता.

म्हणून घरच्या पालकाला दोनच गोष्टी पाळा. हप्त्याहप्त्यानं पेरा, आणि उपटू नका, कापा. थंडीत कापलेला पालक पुन्हा कापणीला यायला अडीच-तीन आठवडे घेतो. जागेचे तीन तुकडे करा आणि आठवड्याच्या अंतरानं एकेक पेरा. तिसरा तुकडा कापून होईपर्यंत पहिला परत तयार. चांगल्या वाफ्यात चौरस मीटरला तीन-चार कापण्या मिळून किलो-सव्वा किलो पालक निघतो, म्हणजे दर कापणीला एक बऱ्यापैकी जुडी. चार माणसांच्या घराला आठवड्याला एकदा भाजी हवी असेल, तर एकेक चौरस मीटरचे तीन वाफे पुरतात. बी तिन्ही वाफ्यांना मिळून आठ-दहा ग्रॅम लागतं.

बियांकडे एकदा नीट बघा. तळहातावर घेतलं तर प्रत्येक दाणा खडबडीत, कोनेदार, वाळक्या गाठीसारखा दिसतो. ती खरोखरच गाठ आहे. आपला देशी पालक बीटच्या कुळातला, आणि बीटसारखीच त्याच्या एका गाठीत दोन-तीन बिया असतात. म्हणूनच एक दाणा पेरला की एकाच जागी दोन-तीन रोपं डोकावतात आणि लोकांना वाटतं हात जड पडला. गाठीचं कवच टणक असतं. रात्रभर, आठ ते दहा तास, साध्या पाण्यात भिजवा, सकाळी निथळून फडक्यावर पसरा आणि जरा सुकलं की पेरा. दोन दिवस भिजत ठेवलं तर बी आंबतं. बियाण्याला गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिसला तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे असं समजा. ते न भिजवता पेरा, हात साबणानं धुवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

वाण विचाराल तर ऑल ग्रीन जुना आणि भरवशाचा. पुसा ज्योतीची पानं जाड, रसरशीत, आणि कापल्यावर तो लवकर फुटतो. ‘विलायती पालक’ म्हणून मिळतो तो वेगळ्या जातीचा. त्याला थंडी जास्त हवी. महाबळेश्वर-पाचगणीकडं तो जमेल, पुण्यात जानेवारीपुरता, मुंबईत त्याच्या नादी न लागलेलं बरं.

मातीबद्दल एकच सल्ला सगळीकडं चालत नाही. काळ्या मातीत पाणी साचतं, तिथं चार-सहा बोटं उंच गादीवाफा करा आणि शेणखताबरोबर थोडी जाडसर वाळू मिसळा. कोकणातली जांभ्याची माती आंबट, आणि बीटच्या कुळाला आंबटपणा मानवत नाही. पेरणीआधी पंधरा दिवस चौरस मीटरला मूठ-दोन मुठी चुलीतली राख किंवा विरलेला चुना मिसळून पाणी मारून ठेवा. हीच राख काळ्या मातीत घालू नका, ती आधीच चुनखडीकडं झुकलेली असते. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. कच्चं घातलं तर मुळं कुरतडणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण. चौरस मीटरला दोन-तीन किलो पुरे.

गच्चीवर फळांचे प्लॅस्टिकचे क्रेट किंवा थर्माकोलचे खोके चालतात. वीतभर खोली पुरते, तळाला भोकं हवीत. नुसती माती भरली तर भिजल्यावर चौरस मीटरला तीनशे किलोच्या आसपास वजन होतं, म्हणून माती, शेणखत आणि भिजवून फुलवलेलं कोकोपीट सारखं घ्या आणि क्रेट भिंतीच्या कडेनं मांडा. रोज चार-पाच तास ऊन मिळालं तरी पालक तक्रार करत नाही. पूर्वेकडची बाल्कनी असेल तर उत्तम.

पेरणीच्या आदल्या दिवशी वाफा भिजवा आणि वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की पेरा. ओल्या चिखलात पेरलेलं बी कुजतं. फोकून टाकण्यापेक्षा वीतभर अंतरावर बोटानं रेघा ओढा, रेघेत दोन-दोन बोटांवर दाणा टाका आणि पेराभर माती ओढून तळव्यानं हलकं दाबा. रेघांत पेरलं की उगवलेलं तण आणि पालक वेगळे ओळखू येतात, खुरपं चालवता येतं. पाणी झारीनं द्या. पाइपाची धार सोडली तर बी उघडं पडतं. आठ-दहा दिवसांत जोडपानं दिसतील, जरा लांबट, गवताच्या पात्यासारखी. ती गवत म्हणून उपटून टाकणारे मी पाहिले आहेत.

रोपं चार बोटं झाली की विरळणी करा. जीवावर येतं, पण दाट राहिली तर पानं पिवळट आणि देठ लांबुडके होतात. दोन रोपांत तीन-चार बोटं अंतर ठेवा. जास्तीची रोपं उपटण्याऐवजी कात्रीनं मुळाशी कापा, म्हणजे शेजाऱ्याची मुळं हलत नाहीत. तोच कोवळा पाला थालिपिठात घाला. पालकाला सोटमूळ असतं, त्यामुळे उपटलेली रोपं दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका, ती जेमतेम जगतात.

पाणी सकाळी, मुळाशी. थंडीत जमिनीतल्या वाफ्याला तीन-चार दिवसांनी, क्रेटला एक दिवसाआड. बोट पेराभर खुपसून बघा. आत ओल लागली तर झारी परत ठेवा. संध्याकाळी पानांवर पाणी मारलं की रात्रभर पानं ओली राहतात आणि ठिपक्यांचा रोग येतो: मधे राखाडी, कडेला तांबूस वर्तुळ. अशी पानं कापून दूर टाका आणि पाण्याची वेळ बदला. रोपं उगवून लगेच बुडाशी बारीक होऊन कोलमडत असतील तर पाणी जास्त होतंय किंवा पेरणी दाट झाली आहे. पुढच्या वाफ्यात पेरणीआधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळून घाला.

पहिली कापणी महिन्या-सव्वामहिन्यानं. पान वीतभर झालं की धारदार कात्री किंवा विळा घ्या आणि जमिनीपासून दोन-तीन बोटं वर कापा. मधला बारीक कोंब वाचला पाहिजे, पुढची सगळी पानं त्याच्यातूनच येतात. भाजी कापायची असेल तर सकाळी, ऊन चढण्याआधी. कापलेल्या वाफ्याला त्या दिवशी पाणी देऊ नका. दुसऱ्या दिवशी रेघांमधून दोन मुठी गांडूळखत टाकून हलकी खुरपणी करा आणि मग पाणी. शेंगदाण्याची पेंडही चांगली: मूठभर पेंड पाच लिटर पाण्यात दोन दिवस भिजवा, गाळा, तेवढंच पाणी आणखी घालून मुळाशी द्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बादलीवर झाकण ठेवा, वासावरून सोसायटीत विषय निघतो. युरियाची चिमूट टाकायचा मोह होईल. पानं हिरवीगार होतात खरी, पण जास्तीचं नत्र नायट्रेट बनून पानांतच साठतं, उसासारखं वर्षभरात वापरून संपत नाही. घरच्या पालकाला खत आणि पेंड एवढं बास.

किडींत नागअळी सगळ्यात चिवट. पानावर पांढरट, नागमोडी रेघ दिसते. ते पान उन्हाकडं धरा. रेघेच्या जाड टोकाला पानाच्या दोन पापुद्र्यांमधे बारीक अळी वळवळताना दिसेल. ती आत बसलेली असल्यानं वरून केलेली बरीचशी फवारणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. पान तोडा आणि पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. मावा पानांच्या मागं चिकटतो. आधी पाण्याच्या फवाऱ्यानं धुवून काढा, तरी राहिला तर निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून, चमचाभर साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. त्यानंतर पाच-सहा दिवस कापू नका आणि पानं नीट धुवा. रासायनिक कीटकनाशक मी पालकावर वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका. दर तीन आठवड्यांनी जी पानं ताटात येतात, त्यांत औषधाचा काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणी आणि कापणी यांत सोडायचे दिवस, बसवायला जागाच उरत नाही.

शिमग्याच्या सुमाराला दिवस मोठे आणि ऊन कडक झालं की पालक मधूनच दांडा काढतो. पानं लहान, टोकदार, चवीला उग्र होतात. दांडा खुडून आठ-दहा दिवस रेटता येतं, हिरवी शेडनेट लावली तर आणखी थोडे, पण फार ओढू नका. बी धरायचं असेल तर चांगली सात-आठ झाडं राखा, सगळ्यात उशिरा दांडा काढणारी. जी घाईनं फुलली त्यांचं बी धरलं तर पुढच्या वर्षीचा पालकही घाईचाच निघतो. वैशाखात गाठी तपकिरी झाल्या की ओरबाडून सावलीत वाळवा. रिकाम्या झालेल्या वाफ्यात तांदुळजा किंवा राजगिरा लावू नका, ते पालकाचेच भाऊबंद, एकाचे ठिपके दुसऱ्यावर जातात. तिथं गवार टोचा.